तळघराचा स्लॅब टाकण्याआधी उजेडाचे बोला

माण तालुक्यात कमी काय आहे असे विचारले तर बालवाडीतले पोरही 'पाणी' म्हणून सांगेल. जास्त काय आहे असे विचारले तर मात्र मोठी माणसेही जरा थांबतात. माझे उत्तर ठरलेले आहे. ऊन! शंभू महादेवाच्या रांगेच्या या बाजूला पाऊस पोहोचता पोहोचता दमून जातो, ढग नुसते येऊन जातात आणि वर्षातले कितीतरी महिने माणगंगेच्या वाळूवर डोळे दिपवणारा उजेड सांडलेला असतो. अशा मुलखात राहून आपण अलीकडे जमिनीत खड्डा खणतो, त्यावर स्लॅब टाकतो, एक ट्यूब लटकवतो आणि तिथे दिवसाचे दहा तास डोळ्यांचे काम करीत बसतो. आजचा विषय हाच आहे.

तळघर बांधणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. त्यांची कारणे मला चांगली ठाऊक आहेत. दहिवडी, म्हसवड काय किंवा पलीकडे आटपाडी, विटा काय, रस्त्याकडेच्या जागेला भाव आला आहे. वरचा गाळा भाड्याने दिला तर चार पैसे येतात, मग स्वतःचे काम खाली न्यायचे. शिवाय एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, तळघर गार असते. आपल्या माण-खटावचे आणि सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात साऱ्या हिंदुस्थानभर पसरले. त्यांच्यापैकी बरेच जण परमुलखातल्या बोळांत, माळ्यांवर आणि तळखोल्यांत उमेदीची वर्षे काढून आता गावी परततात आणि घर बांधताना खाली एक कामाची खोली काढतात. कुणी तिथे दागिन्यांचे काम करतो, कुणी मोटारी भरतो, कुणी लेथ टाकतो, कुणाची सून चार शिलाई यंत्रे घेऊन ब्लाऊज-परकरांचे काम घेते. उद्योग चांगलाच आहे. माझे भांडण एवढेच की या खोलीची फरशी कुठली, दार कसले, शटर किती फुटी, हे सगळे आधी ठरते आणि उजेड शेवटी ठरतो. तोही वायरमन ठरवतो. त्याच्या बंडलातली वायर जिथे संपेल तिथे दिवा!

वाचकहो, हा डॉक्टरच्या अखत्यारीतला प्रश्न नाही असे कुणाला वाटेल. पण दवाखान्यात जे येते त्यावरून बोलतो. दुपारी चारनंतर कपाळ धरून येणारी शिवणकाम करणारी बाई असते. तिचे रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे ठीक असते. मानेत उसण भरल्याची तक्रार घेऊन तिशीतला कारागीर येतो. तो कामावर वाकून बसतो, कारण सरळ बसले तर त्याला दिसत नाही. भरदुपारी जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवरून घसरलेला माणूस मनगट धरून येतो. आणि अधूनमधून असा एखादा येतो की ज्याच्या हाताभोवती फडके गुंडाळलेले असते आणि ते सोडण्याआधीच आपल्याला अंदाज येतो. एका जवान पोराची तर्जनी मी तात्पुरती बांधून साताऱ्याला पाठवली होती. नंतर त्याला विचारले, "अरे, यंत्र चालू आहे हे दिसले नाही?" तो म्हणाला, "डॉक्टर, थांबल्यासारखं वाटलं." या वाक्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. कमी उजेडात काम केल्याने डोळे 'जातात' असे घरोघरी सांगितले जाते. मोठ्या माणसाच्या बाबतीत याला आधार नाही. अंधुक उजेडाने डोळ्याच्या आतला पडदा खराब होत नाही, मोतीबिंदू होत नाही, चष्म्याचा नंबर कायमचा वाढत नाही. मग होते काय? डोळा थकतो, चुरचुरतो, पाणी येते, डोके दुखते, मान आणि खांदे आखडतात, काम चुकते, तेच काम दोनदा करावे लागते, आणि हात यंत्रात जातो. डोळे शाबूत राहून बोट गेले तर त्यात समाधान मानण्यासारखे काय आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हा विचार काही आजचा नाही. इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तू काम काय करतोस?' या प्रश्नाची भर घालावी, हा त्याचा आग्रह होता. बारीक काम करणाऱ्यांचे डोळे कसे शिणतात यावरही त्याने लिहिले आहे. पुढे इंग्लंडच्या कोळसा खाणींत मंद दिव्यावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मजुरांची बुबुळे आपोआप हलायला लागत, त्या विकाराला खाणकामगारांचेच नाव पडले. खाणीत चांगले दिवे आले तसा तो विकार मागे हटला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रकाशासाठी १७ वे कलम स्वतंत्रपणे घातले गेले. उजेड पुरेसा हवा, तो डोळ्यांवर चमकू नये आणि डोळ्यांना शीण आणणाऱ्या किंवा अपघात घडवणाऱ्या सावल्या पडू नयेत, एवढे त्यात होते. पण बापलेक आणि दोन पोरे अशा घरगुती कामाच्या खोलीत कुठला इन्स्पेक्टर येणार? तिथे आपणच आपले इन्स्पेक्टर.

आता मोजमाप. जागेवर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. मे महिन्याच्या भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. लिंबाच्या सावलीतही काही हजार लक्स मिळतात. आणि तळघरात जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगला तर खाली कामाच्या फळीवर पन्नास लक्स मिळाले तरी नशीब. भिंती काळ्या दगडाच्या असतील तर एका ट्यूबचेही फार तर तेवढेच होतात. कारखान्यांतील प्रकाशासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६४६. त्याप्रमाणे फळीवरच्या ढोबळ कामाला साधारण ३००, मध्यम कामाला ५००, बारीक कामाला ७५० आणि अतिबारीक कामाला १००० किंवा त्याहून अधिक लक्स धरतात. शिवण, मोटारीचे वाइंडिंग, दागिन्याचे झाळकाम ही सगळी बारीक कामे आहेत. म्हणजे पाहिजे त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शावर आपण काम रेटत असतो.

हिशेब अवघड नाही, दहावीच्या पोराला सांगा. समजा खोली दहा बाय पंधरा फुटांची आहे. म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. सगळ्या खोलीला ३०० लक्स हवेत तर १४ गुणिले ३००, म्हणजे ४२०० ल्यूमेन. दिव्याच्या खोक्यावर हा ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो, वॅटच्या नादी न लागता तो बघावा. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड फळीवर येत नाही. काही भिंती आणि छत गिळतात, काही धुरळा गिळतो. म्हणून निम्मा वाया जातो असे धरून आकडा दुप्पट करायचा, झाले ८४००. वीस वॅटची चांगली एलईडी पट्टी २००० ल्यूमेनच्या आसपास देते. म्हणजे चार पट्ट्या. एका ट्यूबच्या जागी चार म्हटल्यावर लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी दुकानदाराचा माणूस आहे. अहो, चार पट्ट्या मिळून ८० वॅट. रोज आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस लावल्या तर सतरा युनिटच्या आत. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा आणि एका टाक्याच्या खर्चाशी ताडून बघा. २०१५ साली सरकारची उजाला योजना आली त्यानंतर एलईडी दिवे खेड्यापाड्यांत पोहोचले, स्वस्त झाले. आता महागाईचे कारण सांगता येत नाही. राहता राहिले भरदिवसा दिवे लावायला घरातल्या म्हाताऱ्यांचा विरोध. त्यांना एकदा खाली नेऊन सुईत दोरा ओवायला सांगावे!

या चार पट्ट्या झाल्या सगळ्या खोलीसाठी. बारीक कामाला याशिवाय हाताशी एक वाकवता येणारा दिवा लागतोच. मात्र नुसता तो एकच दिवा लावून बाकी खोली अंधारात ठेवू नये. कामावरून नजर उचलली की डोळ्याला काळोख दिसतो, परत खाली बघितले की झगमगाट. दिवसातून हजार वेळा बाहुली लहान-मोठी करीत बसावे लागते. संध्याकाळच्या डोकेदुखीत याचा वाटा मोठा असतो.

दिवा किती याइतकेच तो कुठे, हे महत्त्वाचे. आपल्याकडे खोलीच्या मधोमध दिवा लावायची रीत आहे आणि कामाची फळी असते भिंतीला लागून. म्हणजे कारागीर दिव्याकडे पाठ करून बसतो आणि त्याच्याच डोक्याची सावली नेमकी कामावर पडते. मग तो आणखी पुढे वाकतो, सावली आणखी दाट होते. पट्टी फळीला समांतर आणि फळीच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर असावी. हातदिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डावीकडे, डावखुऱ्याच्या उजवीकडे. तळघराचे छत बहुधा ठेंगणे असते, त्यामुळे उघडी पट्टी थेट डोळ्यांत घुसते. तिला पांढुरके झाकण किंवा पत्र्याची पाख असावी. बसल्या जागेवरून काम दिसले पाहिजे, पण दिवा डोळ्यांत येता कामा नये.

म्हसवडकडे खड्डा मागावर घोंगडी विणणारे जुने विणकर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. माणूस जमिनीच्या पातळीवर बसलेला, पाय खड्ड्यात, समोर चिंचोक्याची खळ दिलेला काळा ताणा आणि त्यात काळाच बाणा. काळ्यावर काळा धागा! पांढरा कागद पडलेल्या उजेडातला बहुतेक उजेड परत डोळ्याकडे पाठवतो, काळी लोकर जवळजवळ सगळा पिऊन टाकते. तुटलेला धागा दिसायला तिथे दुप्पट-तिप्पट उजेड हवा. या विणकरांचे माग दाराजवळ किंवा खिडकीच्या अंगाला असत ते उगीच नाही. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवणाऱ्या शिंप्याचीही तीच गत. काळ्या कापडाचे काम सकाळच्या ताज्या डोळ्यांनी करावे आणि संध्याकाळी फिक्या रंगाचे घ्यावे, एवढी साधी वाटणी केली तरी फरक पडतो. ज्यांना रंग पारखावा लागतो, मग ते सोने असो की साडीचा काठ, त्यांनी दिवा घेताना सीआरआयचा आकडा विचारावा. तो ८० च्या खाली नको, ९० असला तर उत्तम. निळसर झगझगीत दिव्यापेक्षा ४००० केल्विनचा पांढरा दिवा दिवसभराला सुसह्य पडतो.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र दिवा नव्हे, चुना. उघड्या काळ्या दगडाची किंवा नुसत्या सिमेंटची भिंत उजेड खाते. पांढरी सफेदी केलेली भिंत आणि छत बराचसा उजेड परत फेकतात, त्याच पट्ट्यांत फळीवरचा उजेड दीडपट-दुप्पट होतो. दरवर्षी दसऱ्याला घराबरोबर तळघरालाही हात मारावा आणि दर महिन्याला दिवे पुसावेत. लोकरीचा तूस आणि भट्टीची काजळी बसलेली पट्टी किती उजेड देते ते अर्धी पुसून बघितले की कळते.

आता त्या पोराचे वाक्य. 'थांबल्यासारखं वाटलं.' आपली वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूब त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. आपल्याला ती लुकलुक जाणवत नाही, पण फिरणाऱ्या यंत्रावर तिचा चमत्कार दिसतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २५ फेरे झाले. म्हणजे दर लुकलुकीला तो बरोबर पाव फेरा पुढे गेलेला असतो आणि एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येऊन उभा असतो. डोळ्याला चक स्थिर वाटतो. गती जरा कमी, १४४० झाली, की तो सावकाश उलटा फिरतोय असा भास होतो. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात हे घडत नाही. तळघरात दुसरा उजेडच नसतो. त्यात दोन यंत्रे घोंघावत असतील तर हे यंत्र चालू आहे की बंद, हे कानालाही कळत नाही. एलईडी घेतल्याने हा दोष आपोआप जातो असेही नाही. स्वस्तातल्या पट्ट्यांत आतली यंत्रणा काटकसरीची असते आणि त्याही लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे बघितले आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती पट्टी यंत्राच्या डोक्यावर लावू नका, परत करा. जुन्या ट्यूबच असतील आणि थ्री फेज असेल तर शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घ्याव्यात. एक मंद होते तेव्हा दुसरी तेजीत असते.

जिन्याबद्दल लोक अगदी उलटा विचार करतात. जिन्यातला दिवा रात्रीसाठी, असे समजून दिवसा बंद ठेवतात. खरे तर तळघराच्या जिन्याला दिवा सर्वांत जास्त लागतो तो दुपारी बाराला. लाख लक्सच्या उन्हातून आलेल्या माणसाची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झालेली असते. अंधुक उजेडाला डोळा पुरता सरावायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि गडद अंधाराला वीस ते तीस. पायऱ्या उतरायला आपण घेतो दहा सेकंद. म्हणजे सबंध जिना माणूस जवळजवळ आंधळेपणी उतरतो. हातात पाण्याची घागर असली की मग विचारूच नका. तेव्हा जिन्याचा वरचा भाग दिवसा चांगला उजळलेला असावा, उजेड उतरत उतरत कमी होत जावा. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाची दोन बोटे रुंद पट्टी ओढावी, पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तर नक्कीच. आणि दिव्याची कळ वर एक, खाली एक अशी दोन्हीकडून चालणारी. अंधारात उतरून मग कळ चाचपडायची, ही आपल्याकडची तऱ्हा मला आजवर समजलेली नाही.

वायरिंगचे तपशील वायरमनला माझ्यापेक्षा जास्त कळतात, पण चार गोष्टी त्याच्याकडून मागून घ्याव्यात. दिव्यांची वायर यंत्रांच्या वायरीपासून वेगळी असावी. मोटार अडकून एमसीबी पडला आणि त्याबरोबर दिवे गेले तर चालत्या चाकाशेजारी माणूस काळोखात उभा राहतो. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा एक दिवा इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीचा असावा आणि तो जिन्याची वाट दाखवेल असा बसवावा. तळघरात ओल येतेच, म्हणून शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच हवा. आणि वायर लावून इकडेतिकडे न्यायचा हातदिवा २३० व्होल्टचा नको, २४ व्होल्टचा घ्यावा. जनरेटर तळघरात किंवा जिन्याच्या तोंडाशी कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस नुसता पेंगतो आणि उठत नाही.

इथे एक गोष्ट मला कडक शब्दांत सांगितली पाहिजे. उजेड चांगला केला म्हणजे तळघरात काहीही करायला मोकळीक मिळाली, असे नाही. गलाईचे तेजाबाचे काम तळघरात करू नका. नायट्रिक ॲसिडमध्ये धातू टाकल्यावर निघणारा तांबूस-पिवळा धूर हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, तळाशी साचतो. छातीत गेला तर त्या वेळी थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी होऊन दम लागतो. असा धूर गेलेला माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात आणा. गॅसचा सिलिंडरही खाली नको. तो गॅसही जड, गळला तर फरशीलगत पसरतो आणि पुढे कळ दाबल्याची ठिणगी पुरते. हळद साठवायच्या पेवात वारा न खेळवता उतरायचे नाही, हे सांगलीकडे हरिपूरच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. तळघर म्हणजे दिवा लावलेले पेवच आहे. भट्टी, तेजाब, गॅस यांची जागा वर, उघड्यावर, पत्र्याच्या पडवीत. आणि तिथेही डोळ्यांत तेजाब उडाले तर धुण्यासाठी स्वच्छ पाण्याचा डबा भरलेला हवा. डोळा ताबडतोब, निदान वीस मिनिटे, उघडा धरून पाण्याने धूत राहायचे आणि मगच आमच्याकडे निघायचे. टँकरच्या पाण्याचे दिवस असले तरी तो डबा भांडी घासायला वापरू नये.

बरे, तळघर खणण्याआधी नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन विचारलेलेही बरे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघराचा वापर कशासाठी करता येतो यावर मर्यादा आहेत. घर झाल्यावर नोटीस आली की रक्तदाब वाढतो, मग तो पेशंटही माझ्याकडेच येतो.

माझ्या मनातली खरी तळमळ वेगळीच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या धाब्याच्या घरांना जाड भिंती होत्या, खिडक्या नव्हत्या, तरी माजघरात भाकरी थापताना उजेड पडायचा. कसा? माळवदाला साणे ठेवलेले असायचे, कुणी त्याला सवणे म्हणतात. हातभर भोक, पावसात त्यावर झाकण. त्यातून आलेला उन्हाचा कवडसा मातीच्या सारवलेल्या भिंतीवर पडून खोलीभर पसरायचा. अशिक्षित गवंड्याला जे कळत होते ते आजच्या नकाशात दिसत नाही. स्लॅब टाकताना दोन ठिकाणी दोन-दोन फुटांची चौकट सोडून वर जाड काच आणि लोखंडी जाळी बसवली, किंवा जमिनीच्या वर दीड फूट भिंत घेऊन तिथे आडव्या खिडक्या काढल्या, की दिवसाचे सहा-सात तास निम्मे काम ऊनच करते. त्या खिडक्यांतून वाराही खेळतो. लंडन-न्यूयॉर्कच्या जुन्या पदपथांतही तळघरात उजेड पाडण्यासाठी जाड काचा बसवलेल्या आहेत, आणि तिथे सूर्य तरी कितीसा असतो! पण स्लॅब पडल्यावर हे होत नाही. म्हणून म्हणतो, सेंट्रिंग लागण्याआधी बोला. इंजिनिअरच्या नकाशावर यंत्र कुठे, फळी कुठे, माणूस कुठल्या तोंडाने बसणार हे खडूने लिहून घ्या आणि मग दिव्याचे पाइप टाका.

आणि दिवसातून दोन-तीनदा वर या. दिवसभर खाली राहणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लावले जाते. खोलीतले तीनशे लक्स कामाला पुरतात, त्या घड्याळाला फारसे पुरत नाहीत. सकाळी कामाला लागण्याआधी अर्धा तास बाहेर हिंडा, दुपारची भाकरी तळघरात बसून खाऊ नका, लिंबाखाली खा. लहान मुलांना तर अभ्यासाला तिथे बसवूच नका. मोठ्यांचा नंबर अंधुक उजेडाने वाढत नाही असे मी वर म्हटले, पण वाढत्या वयाच्या मुलांचे तसे नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळेत मुलांना रोज ४० मिनिटे जास्त उघड्यावर नेले. २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. तीन वर्षांत नेहमीच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना लांबचे कमी दिसू लागले, उघड्यावर नेलेल्यांत ते प्रमाण सुमारे ३० टक्के राहिले. आपल्याला त्यासाठी काही खर्च नाही, पोरांना दारात सोडले की झाले.

शेवटी चष्म्याचे. चाळिशीनंतर जवळचे बघायची डोळ्याची ताकद कमी होते, ती कुणालाच चुकलेली नाही. त्याशिवाय वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि डोळ्याचे भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेड पोहोचतो. त्यामुळे मुलाला पुरणारा दिवा बापाला पुरत नाही. दोघांत भांडण होते ते या कारणाने, मुलगा म्हणतो लख्ख आहे, बाप म्हणतो काळोख आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. बापाच्या जागी एक दिवा जास्त द्यावा. चष्मा करायला जाताना मात्र एक करा. दुकानात जवळचा नंबर काढतात तो पेपर वाचायच्या अंतराचा, हातभराहून कमी. लेथवरचा माणूस दोन-सव्वादोन फुटांवर बघतो, शिवणारी बाई दीड फुटावर, दागिन्याचे काम करणारा वीतभर अंतरावर. वाचायच्या चष्म्याने लेथ धूसर दिसतो, मग माणूस चष्मा काढून ठेवतो किंवा यंत्रावर वाकतो. म्हणून आपल्या नेहमीच्या जागेवर, नेहमीच्या पद्धतीने बसून घरच्या माणसाकडून डोळ्यापासून कामापर्यंत सुतळी धरून घ्यावी, तिथे गाठ मारावी आणि ती सुतळी खिशात घालून डोळे तपासायला जावे. डॉक्टरांना म्हणावे, या अंतराचा नंबर द्या. गेल्या महिन्यात दोघांना असे पाठवले. त्यातल्या एकाने सुतळी इतकी मळकी नेली की तिथल्या मदतनिसाने ती केराच्या टोपलीत टाकली. तेव्हा सुतळी नवी घ्या.